मॉडिफाय केलेल्या टर्बो गाडीचं आयडल बिघडलंय? मॅप बदलायच्या आधी हे क्रमाने तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडे आता पेट्रोल टर्बो गाड्या दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना मोठा इनटेक (हवा आत घेणारा पाईप), डाऊनपाईप (टर्बोनंतरचा धुराचा पाईप), स्टेज वन मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली ट्यूनिंगची फाईल) असं काहीतरी बसवलेलं असतंय. मग थोड्या दिवसांनी तक्रारी सुरू होतात. सिग्नलला गाडी थरथरते, एसी लावला की आरपीएम खाली बसतो आणि गाडी बंद पडते, सकाळी थंड इंजिनला मिसिंग मारते, मागे उभं राहिलं की पेट्रोलचा उग्र वास येतो. अशा वेळी मालक पहिला फोन ट्यूनरला लावतो, मॅप बरोबर नाही म्हणून, आणि ट्यूनर पण बिचारा लांब बसून नवीन फाईल पाठवतो, त्यात आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा, थोडं पेट्रोल वाढवलेलं असतंय, गाडी आठ दिवस बरी चालते आणि परत तेच.

माझं म्हणणं सरळ आहे. आयडलचा आणि मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) घोळ असेल तर मॅपला हात सगळ्यात शेवटी लावायचा. कारण बहुतेक वेळा इंजिनात अशी हवा शिरत असते जिचा हिशोब ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे, नाही, किंवा सेन्सर खोटं सांगत असतो, आणि वरून मॅप बदलला की मूळ दोष झाकला जातो. फुटका पाईप तसाच ठेवून पेट्रोल वाढवलं तर आयडल सुधारेल पण बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाबाने हवा भरतो तेव्हा, काय होईल ते प्लग आणि पिस्टन सांगतील.

आधी आपली गाडी हवा कशी मोजते ते बघा

हे न बघता पुढचं सगळं व्यर्थ. काही गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे मॅफ सेन्सर असतो, तो आत जाणारी हवा थेट मोजतो. काही गाड्यांत मॅफ नसतोच, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) मॅप सेन्सर दाब बघतो आणि आरपीएम, हवेचं तापमान धरून ईसीयू हिशोब काढतो. इथे मॅप दोन आहेत, एक ट्यूनिंगची फाईल आणि एक हा प्रेशर सेन्सर, म्हणून पुढे सेन्सरला मी मॅप सेन्सरच म्हणतो.

फरक कुठे पडतो? मॅफवाल्या गाडीत थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी-झाकणारी झडप) आणि इंजिन यांच्या मध्ये कुठेही लीक असला तर न मोजलेली हवा आत येते, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडल वरखाली हेलकावे खातं. तोच लीक मॅप सेन्सरवाल्या गाडीत असला तर मॅनिफोल्डचा दाब वाढतो, सेन्सरला तो दिसतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल पण देतो, म्हणून मिक्श्चर जवळपास बरोबर राहतं पण आरपीएम चढलेला राहतो, ९०० च्या जागी १२००, खाली यायचं नावच घेत नाही. एकच लीक, लक्षणं वेगळी. म्हणून मित्राच्या गाडीला जो उपाय लागू पडला तो आपल्याला पडेलच असं नाही.

स्कॅनर लावा आणि फ्युएल ट्रिम वाचायला शिका

गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लागणारं ब्लूटूथचं साधं ओबीडी डोंगल आणि मोबाईलवर अॅप, एवढ्यावर अर्धं निदान होतंय. चेक लाईटचा कोड बघायचाच, पी ०१७१ म्हणजे लीन, पी ०१७२ म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पी ०३०० म्हणजे इकडेतिकडे मिसफायर (सिलिंडर नीट न पेटणं), पी ०५०७ म्हणजे आयडल हवा त्यापेक्षा जास्त. पण कोड फक्त दार दाखवतो, खरी माहिती ट्रिममध्ये असते.

ट्रिम म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं बघून ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताचं, लाँग टर्म म्हणजे शिकून लक्षात ठेवलेलं, आणि दोन्हीची बेरीज बघायची, एकट्याकडे बघून काही कळत नाही. बेरीज शून्याच्या आसपास, वरखाली ५ टक्क्यांत असेल तर चांगलं. १० च्या पलीकडे गेली की शोधाशोध सुरू करायची. प्लस म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, म्हणजे त्याला लीन दिसतंय. मायनस म्हणजे उलट.

आता खरी मेख. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद, आणि आधी आयडलला ट्रिम लिहून घ्या, मग उभ्या गाडीतच २५०० आरपीएमला अर्धा मिनिट धरून लिहून घ्या, आणि नंतर रस्त्यावर चढाला थोडा लोड देऊन. वंटमुरी घाटाचा चढ यासाठी चांगला आहे, पण शेजारी दुसरा माणूस बसवून त्याच्याकडे मोबाईल द्या, गाडी चालवताना आकडे वाचत बसू नका.

मॅफवाल्या गाडीत आयडलला प्लस १८ आणि २५०० ला प्लस ४ असं आलं तर व्हॅक्यूम लीक (मॅनिफोल्डच्या ओढीने बाहेरची हवा आत येणं) समजा. कारण लीकमधून येणारी हवा साधारण तेवढीच राहते, आयडलला एकूण हवा कमी असल्यामुळे ती डोळ्यावर येते, रेस केल्यावर एकूण हवेत ती हरवते. आयडलला ठीक आणि लोडला प्लस वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय, पंप, फिल्टर, नाहीतर मॅफ घाण झालाय. सगळीकडे सारखाच प्लस किंवा सारखाच मायनस असेल तर मोजमापातच चूक आहे, म्हणजे मॅफचा पाईप, इंजेक्टरचा साईझ, रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणारा पेट्रोलचा दाब) किंवा पेट्रोल स्वतः. फक्त आयडललाच मायनस असेल तर पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा पर्ज व्हॉल्व्हमधून (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा) पेट्रोलची वाफ येत असण्याची शक्यता मोठी.

हे आकडे कागदावर तारखेसकट लिहून ठेवा, पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर परत हेच बघायचंय.

इग्निशन चालू, इंजिन बंद

ही तपासणी फुकट आहे आणि कोणी करत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन चालू न करता फक्त इग्निशन टाका आणि स्कॅनरवर मॅप सेन्सर बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब ९२-९३ किलोपास्कल असतो. तुमचा सेन्सर १०१ दाखवत असेल तर तो गोव्याचा आकडा झाला, आणि तुम्ही टिळकवाडीत उभे असाल तर सेन्सर किंवा त्याचं स्केलिंग (सिग्नलवरून आकडा काढायचं माप) चुकलंय. मोठ्या बूस्टसाठी ३ किंवा ४ बारचा सेन्सर बदलून बसवलेल्या गाड्यांत हे फार सापडतं, सेन्सर बदलला पण फाईलमध्ये त्याचं कॅलिब्रेशन बदललंच नाही.

त्याच वेळी कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान पण बघा. गाडी रात्रभर थंड झालीय म्हणजे दोन्ही जवळपास सारखे पाहिजेत, एकदोन अंशांचा फरक चालतो. कूलंट सेन्सर उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय, अशा गाडीला ईसीयू कडाक्याच्या थंडीतल्यासारखं पेट्रोल ओततो.

लीक शोधणे, इथे वेळ घालवा

मॉडिफाय गाडीत प्रत्येक बदललेला जोड संशयित. सिलिकॉन होज, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) पाईप, बीओव्हीचा (अॅक्सिलरेटर सोडल्यावर जास्तीचा बूस्ट सोडणारा व्हॉल्व्ह) फ्लँज, बूस्ट गेजसाठी टाकलेला टी जोड, कॅच कॅनचे (पीसीव्हीतलं तेल अडवणारा डबा) पाईप. पावसाळ्यात खानापूर, जांबोटीच्या रस्त्यांवर खड्ड्यांतून आपटून आपटून क्लिपा सैल होतात, ते आधी हाताने हलवून बघा. साध्या पट्टीच्या क्लिपपेक्षा टी-बोल्ट क्लिप वापरा, आणि पाईपच्या टोकाला उंचवटा नसेल तर कितीही आवळा, बूस्टमध्ये होज सटकणारच.

बूस्ट लीक टेस्टसाठी टर्बोच्या इनलेटला बसेल असा पीव्हीसीचा एंड कॅप घ्या, मध्ये भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. धातूचा नीट हवा असेल तर उद्यमबागेत लेथवाल्याकडून बुच फिरवून घ्या, बाहेरचा व्यास होजच्या आतल्या मापाचा आणि एका बाजूला कडा, एवढं सांगितलं तरी कळतं त्यांना. मग कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरायची, आधी ५ पीएसआय, मग १० पर्यंत, गाडी जेवढा बूस्ट मारते त्याच्या वर कधीच नाही. तोंड कॅपच्या समोर ठेवू नका, उडाला तर दात जातील. जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे बघा. ऑइल भरायच्या झाकणातून थोडी हवा येणार, ती उघड्या व्हॉल्व्हमधून आणि रिंगांमधून जाते, तिला घाबरू नका, पण भसाभस येत असेल तर पीसीव्ही बघा. एकदा थ्रॉटल बंद ठेवून आणि एकदा उघडून अशी दोनदा टेस्ट करा, म्हणजे लीक थ्रॉटलच्या अलीकडे की पलीकडे ते कळतं.

व्हॅक्यूमची बारीक गळती मात्र धुराच्या मशीनने सगळ्यात लवकर सापडते, दाब १ पीएसआयच्या आतच ठेवायचा. बरेच मेस्त्री चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारतात आणि आरपीएम बदलतो का बघतात. टर्बो गाडीत हे करू नका, खाली लाल होणारं हाऊसिंग आहे, ते क्लीनर क्षणात पेट घेतं. धूर नसेल तर बारीक नळी कानाला लावून जोडांजवळ फिरवा, पंखा आणि बेल्टपासून लांब राहून, फुसफुस स्पष्ट ऐकू येते.

पीसीव्हीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे लोक फार फसतात. आयडलला इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उचलून बघा. हलकासा ओढा असतो, तो चालतो. पण झाकण हाताला चिकटून बसल्यासारखं घट्ट, आणि उचलल्यावर आयडल एकदम बदलतं, सोबत शिट्टीसारखा आवाज, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. निपाणीकडच्या एका पाहुण्यांची १.८ टर्बो अशीच होती, दोन इग्निशन कॉइल आणि चारही प्लग बदलून झाले होते, आणि निघाला फाटलेला रबरी पडदा. कॅच कॅन लावलेल्या गाडीत बघायचं ते वेगळंच, पीसीव्ही काढून कॅन हवेत मोकळा सोडला असेल तर मॅनिफोल्डवरचं जुनं तोंड पक्कं बुजवलंय का? तिथे कोणीतरी रबरी बुच दाबून ठेवलेलं असतं आणि बूस्टमध्ये ते कधी उडून गेलं ते कळत पण नाही.

पर्ज व्हॉल्व्ह तपासणं सोपं. टाकी फुल केल्यावर गाडी चालू व्हायला त्रास देते, मग आयडल गुदमरतं, असं असेल तर मॅनिफोल्डकडे जाणारा त्याचा पाईप चिमट्याने दाबून धरा. ट्रिम सरळ झाला तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय.

बदललेल्या पार्टांचे आपले आपले दोष

मोठा इनटेक. मॅफ सेन्सर मूळ ६३ मिलिमीटरच्या पाईपमधून काढून ७० मिलिमीटरच्या पाईपात बसवला की क्षेत्रफळ २३ टक्के वाढलं, तेवढ्याच हवेचा वेग कमी झाला, आणि सेन्सर साधारण १९ टक्के हवा कमी सांगतो. सगळीकडे प्लस २० च्या घरात ट्रिम येतो तो यामुळे. उपाय म्हणजे मॅफचं स्केलिंग, नाहीतर मूळ मापाचं हाऊसिंग परत लावणे. तेल लावायचा कॉटन फिल्टर असेल तर जास्तीचं तेल मॅफच्या तारेवर बसतं, मॅफ क्लीनरने फवारून धुवा, बोट किंवा कापड लावू नका.

हवेत सोडणारा बीओव्ही. मॅफवाल्या गाडीत ही हवा मोजून झालेली असते, तिच्यासाठी पेट्रोल पण दिलेलं असतं, आणि ती बाहेर फेकली. चोर्ल्याच्या वळणावर अॅक्सिलरेटर सोडला की आरपीएम धपकन पडतो, फट्‌ आवाज, कधी कधी गाडी बंदच. परत इनटेकमध्ये जोडा, प्रश्न मिटला. आवाजासाठी हा त्रास कशाला काढायचा ते मला आजवर समजलं नाही. आणि त्याची स्प्रिंग मऊ असली तर आयडलच्या व्हॅक्यूमने तो उघडाच राहतो, ते पण बघा.

डाऊनपाईप. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गॅस्केट गळत असेल तर एक्झॉस्टच्या धक्क्यांमधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला लीन दिसतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो. म्हणजे स्कॅनर म्हणतो लीन आणि प्लग काळेकुट्ट! असं दिसलं की थंड इंजिनवर चालू करून जोडाजवळ टकटक आवाज ऐका, काजळीचा डाग शोधा. तसंच मिसफायरचं. न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे जातो आणि सेन्सर लीन सांगतो, पेट्रोल मात्र भरपूर असतं. म्हणून मिसफायर चालू असताना मिक्श्चरच्या आकड्यावर विश्वास ठेवून काहीही बदलू नका, आधी मिसफायर काढा. बूस्ट वाढवलेल्या गाडीत प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात, फीलर गेजने मोजून बघा.

मोठे इंजेक्टर. इथे खोल पाणी आहे. इंजेक्टरला करंट मिळाल्यापासून उघडायला जो वेळ लागतो त्याला लेटन्सी म्हणतात आणि ती बॅटरीच्या व्होल्टेजवर अवलंबून असते. समजा आयडलला एकूण पल्स (इंजेक्टर उघडायचा सिग्नल) २ मिलीसेकंद, त्यातला १ उघडण्यातच गेला, म्हणजे खरं पेट्रोल १ मिलीसेकंदाचं. लेटन्सी ०.१ ने चुकीची भरली तर आयडलला मिक्श्चर १० टक्के चुकतं. तीच चूक फुल लोडला १० मिलीसेकंदाच्या पल्समध्ये जेमतेम १ टक्का. म्हणून फुल बूस्टला सुंदर आणि आयडलला वेडी अशी गाडी असेल तर लेटन्सी. खात्री करायला आयडलला हेडलाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम चालू करा, व्होल्टेज खाली जाताना लॅम्ब्डा (मिक्श्चरचा आकडा) सरकला तर लेटन्सीचा तक्ता चुकीचाय.

मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) असेल तर आयडलला व्हॅक्यूमच कमी मिळतो, मूळ इंजिन ३० ते ४० किलोपास्कलवर आयडल करतं तिथे हे ५० च्या पुढे जातं. अशा इंजिनला ७५० आरपीएमचा हट्ट धरू नका, ९५० ते १००० द्या.

पेट्रोल

आपल्याकडे पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांमुळे इथेनॉल आपल्या ओळखीचंच. एक भाग शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५. ई१० वर बनवलेली फाईल ई२० वर चालवली की ट्रिम ३-४ टक्के प्लस जाणारच, शुद्ध पेट्रोलवर बनवली असेल तर ७-८. हा दोष नाही, पण त्यावर छोटा लीक आला की बेरीज १० च्या वर जाते. म्हणून पेट्रोल कुठे भरलं, शिनोळीच्या बाजूला की इकडे, ते पण लिहून ठेवा. वाईडबँड गेज (मिक्श्चर मोजणारं मीटर) लॅम्ब्डात ठेवा, १.०० म्हणजे बरोबर, मग कुठलंही पेट्रोल असू दे. गेज पेट्रोलच्या स्केलवर असेल तर ई२० वर पण बरोबर मिक्श्चरला १४.७ च दाखवतो, आणि माणूस १३.५ शोधत बसतो.

संशय असेल तर काचेच्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घाला, हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २५ ते ३० मिलीच्या आसपास आला तर ई२०. हे उघड्यावर करा, विडी-काडी लांब.

प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून आत पेट्रोल ओलं दिसलं तर पडदा फाटलाय, गाडी रिच चालणार. डायरेक्ट इंजेक्शन गाडीत रेल प्रेशर मागितलेलं आणि मिळालेलं असे दोन आकडे स्कॅनरवर जुळवून बघा. आणि डिपस्टिक हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल, पातळी चढलेली असेल, तर ते पेट्रोल गरम ऑइलमधून वाफ होऊन पीसीव्हीवाटे परत आत येतं आणि आयडलला मायनस ट्रिम दिसतो. ऑइल बदलल्यावर ट्रिम सुधारला तर हेच कारण, पण पेट्रोल ऑइलमध्ये कुठून येतंय ते शोधल्याशिवाय थांबू नका, हाय प्रेशर पंपाचा सील किंवा गळका इंजेक्टर.

पीयूसीची चिठ्ठी

ही पण एक तपासणीच आहे. नवीन गाड्यांना आयडलला कार्बन मोनॉक्साईड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत असेल तर गरम झाल्यावर आकडे अगदी कमी येतात. मोनॉक्साईड चढलेला म्हणजे रिच. मोनॉक्साईड कमी पण हायड्रोकार्बन उंच म्हणजे मिसफायर, किंवा इतकं लीन की पेटतच नाही. कॅट काढून टाकलेल्या गाडीला हे जमणार नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असले बदल बेकायदेशीर पण आहेत, हे डोक्यात ठेवून पैसे घाला.

शेवटी थ्रॉटल, अॅडॅप्टेशन आणि मग मॅप

थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर साफ करा, पण प्लेट हाताने जोरात ढकलू नका, आणि साफ केल्यावर स्कॅनरने थ्रॉटल अॅडॅप्टेशन (ईसीयूला प्लेटची जागा परत शिकवणं) करून घ्या, नाहीतर आयडल चढलेलंच राहील. दोष काढल्यावर लाँग टर्म ट्रिम रिसेट करा, दोन-तीन दिवस गावात आणि हायवेला मिळून गाडी चालवा, मग सुरुवातीला लिहिलेले तीन आकडे परत घ्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवत ठेवून हे करू नका, मोनॉक्साईडला वास नसतो.

एवढं होऊन पण ट्रिम १० च्या बाहेर असेल, किंवा आयडलला लॅम्ब्डा हलत असेल, तर आता ट्यूनरला फोन करा. त्याला नुसतं "गाडी नीट नाही" सांगू नका. थंड स्टार्टपासून गरम होईपर्यंतचा लॉग द्या, त्यात आरपीएम, मॅप किंवा मॅफ, दोन्ही ट्रिम, लॅम्ब्डा, टायमिंग, कूलंट आणि हवेचं तापमान, बॅटरी व्होल्टेज असू दे. सोबत इंजेक्टरवरचा पार्ट नंबर, मॅफ पाईपचा आतला व्यास, सेन्सर किती बारचा, प्लगचा गॅप, आणि बूस्ट लीक टेस्ट किती पीएसआयला किती वेळ टिकली तेही लिहा.